सासूबाईंचा एक तृतीयांश

माझा नवरा 2022 च्या हिवाळ्याच्या तोंडावर गेला. श्टुटगार्टजवळच्या एका छोट्या गावात आम्ही राहतो. कामावरून परतताना हृदयविकाराचा झटका आला आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. दुःखाबद्दल इथे लिहिणार नाही, तो माझा खाजगी मामला आहे. लिहिते आहे ते कागदांबद्दल. आमच्या मंडळाच्या गणपतीत भेटणाऱ्या जवळपास प्रत्येक घराची स्थिती आमच्यासारखीच असते: इथे कर्जावर घेतलेलं घर, पुण्यात एक फ्लॅट, गावच्या सातबाऱ्यावर कुठेतरी नाव, मूल जर्मन पासपोर्टचं, म्हातारे आईवडील तिकडे, आणि मृत्युपत्र "करू की निवांत".

आधी निकाल सांगते, मग हकिगत. जर्मन न्यायालयाच्या कागदावर माझ्या नवऱ्याचे वारस दोन: मी आणि आमची लेक, निम्मे-निम्मे. पुण्याच्या न्यायालयाच्या कागदावर वारस तीन: मी, लेक आणि सासूबाई, प्रत्येकी एक तृतीयांश. माणूस एक, मृत्यू एक, आणि दोन्ही कागद आपापल्या जागी खरे.

हे असं का होतं ते मला पहिल्यांदा नीट समजावून सांगितलं गावातल्या नोटारबाईंनी, म्हणजे इथल्या नोटरींनी. युरोपीय संघाचा 650/2012 क्रमांकाचा वारसा नियम आहे. 17 ऑगस्ट 2015 पासून झालेल्या मृत्यूंना तो लागू होतो, डेन्मार्क आणि आयर्लंड वगळता. त्यात माणसाचं नागरिकत्व काय होतं हे आधी विचारत नाहीत, तो शेवटी नेहमीचा कुठे राहत होता हे विचारतात. नवरा अखेरपर्यंत भारतीय नागरिक होता, पण 2004 पासून इथेच राहत होता. म्हणून जर्मन कायदा, आणि तोही त्याच्या जगभरच्या मालमत्तेला. आपल्या नागरिकत्वाचा कायदा लागू व्हावा असं त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवलं असतं तर तसं झालं असतं, कारण हा नियम तेवढी निवड माणसाला देतो. त्याने काहीच लिहिलं नव्हतं.

उलट भारतात जमीन आणि घर यांच्या बाबतीत एकच प्रश्न असतो: ते आहे कुठे? भारतात असेल तर भारतीय कायदा. आणि हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पहिल्या वर्गात त्याची बायको आणि मुलं येतात, आणि त्यांच्याच रांगेत, त्यांच्याइतक्याच हक्काने, त्याची आई. वडील त्या वर्गात नाहीत. आई आहे. जर्मन कायद्यात मात्र मुलं असली की आईवडिलांपर्यंत गाडी पोचतच नाही.

म्हणजे जर्मनीच्या लेखी पुण्याचा फ्लॅटसुद्धा आम्हा दोघींचाच. पुण्यात ते कोणी मान्य करणार नाही, आणि नोटारबाईंनाही ते ठाऊक होतं. "आमचा कागद तिथे चालेलच अशी आशा धरू नका," त्या सरळ म्हणाल्या.

पहिले काही आठवडे या सगळ्याचा विचार करायला फुरसतच नव्हती. श्टांडेसअम्टमधून, म्हणजे जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी कार्यालयातून, मृत्यूचा दाखला घेतला, जास्तीच्या प्रती मागून घेतल्या. म्युनिकच्या भारतीय वाणिज्य दूतावासात पासपोर्ट रद्द करून घेतला आणि तिथेच मृत्यूची नोंदही करून घेतली. ही नोंद कितीतरी जण करत नाहीत. पण त्यामुळे हातात भारतीय कार्यालयाचा इंग्रजी दाखला येतो आणि पुढे पुण्यात बँकेपासून न्यायालयापर्यंत तोच कामाला येतो. अस्थींचा प्रश्न वेगळाच. आमच्या राज्यात, बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये, रक्षाकलश घरी ठेवता येत नाही, तो दफनभूमीतच गेला पाहिजे. तो परदेशी न्यायचा असेल तर कुठे आणि कसा हे लेखी द्यावं लागतं. अंत्यसंस्कार करणाऱ्या संस्थेने ते सगळं मार्गी लावलं आणि भाऊजींनी साताऱ्याला संगम माहुलीला विसर्जन केलं.

एक मुदत मात्र डोक्यावर होती. जर्मनीत वारसा नाकारायचा असेल तर कळल्यापासून सहा आठवड्यांत नाकारावा लागतो. वारस परदेशात असेल तर सहा महिने मिळतात. गप्प बसलात की वारसा तुम्ही स्वीकारला, कर्जासकट. आपल्याकडे बापाचं कर्ज त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेपुरतंच वारसांना बांधतं. इथे वेळीच हातपाय हलवले नाहीत तर वारसाच्या स्वतःच्या खिशापर्यंत येतं. आमच्यावर घराचं कर्ज होतं, पण त्याने जोखीम विमा उतरवला होता आणि लाभार्थी म्हणून माझं नाव थेट पॉलिसीत होतं. असा पैसा वारशात धरलाच जात नाही, सरळ लाभार्थीकडे येतो. त्या एका कागदाने आम्हाला तारलं.

मग एर्बशाइन, म्हणजे इथला वारस दाखला. बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये 2018 पूर्वी हे काम नोटारियाटकडे, म्हणजे सरकारी नोटरी कचेरीकडे असे, आता ते तालुक्याच्या अम्ट्सगेरिश्टमधल्या, म्हणजे स्थानिक न्यायालयातल्या, वारसा विभागाकडे आहे. तिथे जाऊन किंवा नोटारसमोर शपथेवर माहिती द्यायची: लग्न कधी झालं, मुलं किती, लग्नाबाहेरची किंवा दत्तक मुलं आहेत का, घटस्फोटाचा दावा चालू होता का, वारशावर कुठे खटला चालू आहे का. फी मालमत्तेच्या किमतीवर ठरते आणि दोनदा लागते, शपथेची एकदा आणि दाखल्याची एकदा.

इथे आमचं गाडं अडलं ते नावांवर. कायद्यापेक्षा नावांनी मला जास्त छळलं आहे. नवऱ्याच्या पासपोर्टवर पहिल्या रकान्यात त्याचं नाव आणि वडिलांचं नाव एकत्र. जर्मन कार्यालयाने वडिलांचं नाव हे त्याचंच दुसरं नाव धरलं. घराच्या कागदांवर तेच आहे. पुण्याच्या फ्लॅटच्या करारनाम्यात फक्त आद्याक्षर. सातबाऱ्यावर मराठीत पूर्ण नाव, आडनावाचं स्पेलिंग अर्थातच नाही. माझं तर विचारूच नका. लग्नाआधी मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं, आणि विवाह नोंदणीच्या दाखल्यावर माहेरचं आडनाव. न्यायालयातल्या बाईंनी पाच कागद समोर मांडले आणि शांतपणे विचारलं, "या पाच स्त्रियांपैकी तुम्ही कोण?" टोमणा नव्हता, त्यांना खरंच कळत नव्हतं.

त्यात भर म्हणजे भारताचा विवाह दाखला. एका देशाचा सरकारी कागद दुसऱ्या देशात खरा मानला जावा म्हणून त्यावर मारतात तो शिक्का म्हणजे अपोस्टिल. भारत 2005 मध्ये अपोस्टिलच्या हेग करारात आला, पण भारताच्या प्रवेशाला जर्मनीने हरकत घेतली. त्यामुळे भारतातून आणलेला अपोस्टिलचा शिक्का जर्मन कार्यालयांना बांधील नाही. त्याऐवजी जर्मन वकिलात भारतात स्थानिक वकील नेमते, तो नोंदणी कार्यालयात जाऊन मूळ वही बघतो आणि अहवाल देतो. त्यात महिने जातात आणि खर्च आपला. माझं नशीब म्हणजे लेकीच्या जन्माच्या वेळी श्टांडेसअम्टने हीच तपासणी करून घेतली होती आणि तो अहवाल मी जपून ठेवला होता. लेकीचा जन्मदाखला जर्मन असल्यामुळे त्यावर आम्हा दोघांची नावं एकदाच, एकाच पद्धतीने लिहिलेली होती. शेवटी तोच आधार धरून पाचांची एक झाले.

दुसरा प्रश्न माझ्या डोक्यातही आला नसता. लग्नाची मालमत्ता-पद्धत कुठली? जर्मन जोडप्यात काही वेगळं ठरवलं नसेल तर लग्नानंतरच्या कमाईतली वाढ मृत्यूच्या वेळी जोडीदाराच्या वाट्यात धरतात, आणि त्याचा पाव वाटा वाढून अर्धा होतो. आमचं लग्न 2009 मध्ये साताऱ्याला झालेलं, तेव्हा दोघंही भारतीय. 29 जानेवारी 2019 पूर्वीच्या लग्नांना जुना नियम लागतो. तो दोघांच्या समान नागरिकत्वाकडे बोट दाखवतो, म्हणजे भारतीय कायद्याकडे, आणि भारतीय कायद्यात नवरा-बायकोची सामाईक मालमत्ता अशी काही व्यवस्थाच नाही. नोटारबाईंनी कागदावर दोन्ही हिशेब मांडले आणि हसल्या. एकच मूल असल्यामुळे दोन्ही वाटांनी उत्तर अर्धंअर्धंच येत होतं. दोन मुलं असती तर माझा वाटा अर्धा की एक तृतीयांश यावर बराच काथ्याकूट झाला असता.

अर्ज भरताना न्यायालयातल्या बाईंनी विचारलं, मृताचे आईवडील हयात आहेत का? मी म्हटलं, वडील नाहीत, आई आहेत. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या रकान्याकडे वळल्या. सासूबाईंचा जर्मन कायद्याशी आलेला संबंध एवढाच.

एर्बशाइन आलं की सुटलो असं मला वाटलं होतं. पण लेक तेव्हा नऊ वर्षांची. मुलाला वारशातून 15,000 युरोंपेक्षा जास्त मिळालं की पालकाने त्याची यादी कुटुंब न्यायालयाला द्यायची असते. बँकेतली शिल्लक, घराचा हिस्सा, गाडीसुद्धा. घरात निम्मा वाटा आधीपासून माझा, नवऱ्याच्या निम्म्यातला अर्धा मला आला आणि अर्धा लेकीला. म्हणजे ज्या घरात तिचा डबा भरते त्या घराची पाव मालकीण ती. घर विकायचं तर कुटुंब न्यायालयाची परवानगी हवी. आम्हा दोघींत काही वाटणी करायची तर तिच्या बाजूने मी सही करू शकत नाही, कारण समोरच्या बाजूला मीच असते. न्यायालय तेवढ्यापुरता दुसरा माणूस नेमतं. आमच्यासाठी एक तरुण वकील आला होता. स्वयंपाकघरात बसून त्याने लेकीला शाळेबद्दल विचारलं, मला बँकेबद्दल.

पहिल्यांदा मला राग आला. माझ्याच पोरीचं मी खाणार आहे का? पण हळूहळू लक्षात आलं की प्रत्येक कायद्याच्या मनात एक संशयित ठरलेला असतो. जर्मन कायद्याला वाटतं की मागे राहिलेला पालक मुलाचं खाईल. भारतीय कायद्याला वाटतं की सून सासूला रस्त्यावर आणेल. आपल्याकडेही अज्ञान मुलाचं घर विकायला पालकाला न्यायालयाची परवानगी लागतेच, पण रोजच्या व्यवहारात तिकडे कोणी यादी मागायला येत नाही. आणि इथे म्हाताऱ्या आईची कोणी चौकशी करत नाही, कारण तिच्यासाठी पेन्शन, आरोग्यविमा आणि सरकार आहे असं गृहीत धरलेलं असतं. माझ्या सासूबाईंना यातलं काहीही नव्हतं. मुलगा दर महिन्याला पैसे पाठवत होता, तीच त्यांची पेन्शन.

मधल्या काळात एक छोटं काम चटकन झालं. जर्मनीत येण्याआधी नवरा काही महिने आइंडहोव्हेनला होता आणि तिथल्या बँकेत थोडे पैसे तसेच पडून होते. त्यासाठी युरोपीय वारस प्रमाणपत्र मिळतं, तेही त्याच न्यायालयातून. नेदरलँड्सच्या बँकेने ते बघून फार प्रश्न न विचारता पैसे दिले. लक्षात ठेवायचं एवढंच, की त्याची प्रमाणित प्रत सहाच महिने चालते. भारतात त्याचा उपयोग शून्य.

आता पुणे. फ्लॅट नवऱ्याने लग्नाआधी घेतलेला आणि सोसायटीच्या फॉर्मवर नॉमिनी म्हणून आईचं नाव टाकलेलं. लग्नानंतर ते बदलायचं राहिलं. सोसायटीचे सेक्रेटरी फोनवर म्हणाले, "मॅडम, नॉमिनी आई आहेत, फ्लॅट आता त्यांचा. तुम्ही कशाला तिकडून त्रास घेता?" सद्भावनेने म्हणाले, पण चूक. नॉमिनी हा मालक नसतो. महाराष्ट्रात सहकारी संस्थांच्या कायद्यात 2019 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार नॉमिनीला सोसायटी तात्पुरता सभासद करून घेते. मालकी वारसांची, आणि ती न्यायालयाचा दाखला, मृत्युपत्र किंवा कुटुंबातली नोंदलेली व्यवस्था यांवरून ठरते. डिसेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांच्या शेअर्सच्या नॉमिनीबाबतही हेच सांगितलं. आमच्या बँकेत, सोसायटीत आणि नातेवाइकांत मात्र "नॉमिनी म्हणजे मालक" ही समजूत इतकी घट्ट बसली आहे की दर वेळी पहिल्यापासून समजवावं लागलं.

पुण्याच्या वकिलांनी दोन अर्ज करायला सांगितले. फ्लॅटसाठी वारसाचं प्रमाणपत्र, जे अजूनही मुंबई इलाख्याच्या 1827 च्या रेग्युलेशनखाली मिळतं. पेशवाई बुडून नऊ वर्षं झाली होती तेव्हाचा हा कायदा. आणि मुदत ठेवी आणि शेअर्स यांच्यासाठी 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखालचं उत्तराधिकार प्रमाणपत्र. दोन्हीसाठी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, कोणाची हरकत असेल तर कळवा. एर्बशाइनचं भाषांतर मी हौसेने करून ठेवलं होतं. वकिलांनी ते वाचलं, "छान आहे" म्हणाले आणि बाजूला ठेवलं.

तिकडे उभं राहायला माणूस हवा होता. माझ्या मनात भाऊजींचं नाव होतं. साताऱ्याचे, जवळचे, सगळ्या कचेऱ्यांत ओळखी. वकील म्हणाले, "त्यांची आई या प्रकरणात वारस आहे. उद्या काही बिनसलं तर तुमचा मुखत्यार समोरच्या बाजूचा मुलगा निघेल." म्हणून मुखत्यारपत्र माझ्या भावाच्या नावे केलं, म्युनिकच्या दूतावासात सही करून. असं परदेशात केलेलं मुखत्यारपत्र महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. भावाने ते वेळेत केलं. भाऊजींना वाईट वाटलं. "वहिनी, मला विचारलं असतं तर मी केलं नसतं का?" एवढंच म्हणाले. वकिलांचं म्हणणं मी त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "वकिलाचं बरोबर आहे." पण नंतर बरेच दिवस त्यांचा फोन आला नाही.

आणि सासूबाई. वकिलांनी सोपा मार्ग सुचवला होता: त्यांनी आपला तिसरा हिस्सा मला किंवा नातीला बक्षीसपत्राने द्यावा. महाराष्ट्रात राहतं घर नात्यातल्या ठरावीक माणसांना बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क तेव्हा फक्त 200 रुपये होतं, आणि त्या यादीत नातू-नात आहेतच, शिवाय "मयत मुलाची पत्नी" असाही उल्लेख आहे. कोणत्या सरकारी माणसाला हे सुचलं असेल, त्याचे आभार. मला वाटलं, आई लगेच हो म्हणतील. मी साताऱ्याला गेले तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या,

"मी नाही देणार गं."

मी काही बोललेच नाही.

"तुला नाही म्हणून नाही. पण माझ्या पोराचं काही माझ्या नावावर आहे असं सरकारने म्हटलंय ना? मग राहू दे. मी काय विकायला चाललेय?"

खरं सांगायचं तर मला लागलं ते. विमानात परत येताना मनातल्या मनात भांडण चाललं होतं: हप्ते कोणी भरले, भाडेकरू कोणी सांभाळले. पण उतरेपर्यंत दुसरी बाजू दिसायला लागली. फ्लॅटचं भाडं येतं, त्याचा तिसरा हिस्सा आता हक्काने त्यांचा. कोणी पाठवला तर मिळणारा नव्हे. मुलगा गेल्यावर सुनेच्या मर्जीवर जगायचं की स्वतःच्या नावावर, यातलं त्यांनी दुसरं निवडलं. त्यांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. जर्मन कायद्याने त्यांना रिकाम्या हाती ठेवलं असतं आणि मला त्याची टोचणीही लागली नसती, कारण सगळं कायदेशीर होतं.

वकिलांची चिंता वेगळी होती. सासूबाई उद्या मृत्युपत्र न करता गेल्या तर त्यांचा हिस्सा कोणाकडे जाईल? त्यांच्या मुलांकडे, आणि आधी गेलेल्या मुलाच्या मुलांकडे. म्हणजे निम्मा भाऊजींना आणि निम्मा आमच्या लेकीला. पुण्याच्या त्या दोन खोल्यांत मग मी, लेक आणि भाऊजी असे तीन मालक. भाऊजींबद्दल माझी काहीच तक्रार नाही, पण त्यांच्यानंतर त्यांची मुलं, मग त्यांच्या बायका, अशी ती वाटणी फाटत गेली असती. हे आईंना सांगायचं कोणी? मी सांगितलं तर लोभ दिसतो. शेवटी भाऊजींनीच सांगितलं. त्यांनीच आईंना दुय्यम निबंधक कार्यालयात नेलं आणि तिसरा हिस्सा नातीला जावा असं मृत्युपत्र नोंदवून घेतलं. मृत्युपत्र नोंदवणं सक्तीचं नाही, दोन साक्षीदार पुरतात. पण आईंना शिक्का हवा होता. त्यानंतर भाऊजींचे फोन पुन्हा सुरू झाले.

गावच्या जमिनीत सासऱ्यांमागे नवऱ्याचं नाव लागलेलं होतं. तिथे तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज केला आणि फेरफार झाला. परदेशात राहणाऱ्या भारतीयाला आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं कार्ड) असलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने मात्र मिळते. त्यामुळे श्टुटगार्टजवळच्या प्राथमिक शाळेत जाणारी माझी लेक आता सातारा जिल्ह्यात काही गुंठ्यांची वाटेकरी आहे. तिला हे सांगितलं तर तिने विचारलं, तिथे गायी आहेत का?

कराचं ऐकून लोक घाबरतात. भारतात मृत्यूनंतरचा कर 1985 मध्येच रद्द झाला. जर्मनीत आहे, आणि इथे राहणाऱ्याच्या जगभरच्या मालमत्तेवर आहे, पुण्याच्या फ्लॅटसकट. तीन महिन्यांत फिनान्सअम्टला, म्हणजे कर कार्यालयाला, कळवायचं असतं, आणि तुम्ही विसरलात तरी बँका कळवतातच. पण जोडीदाराला 5,00,000 युरोंपर्यंत आणि प्रत्येक मुलाला 4,00,000 युरोंपर्यंत सूट आहे. आमच्यासारख्या पगारदार घराला त्यातून सहसा काही भरावं लागत नाही. आम्हालाही लागलं नाही. फ्लॅटच्या किमतीचा हिशेब मागितला, तो पुण्याच्या नोंदणीकृत मूल्यांककाकडून आणून दिला.

हे सगळं आटोपल्यावर मी माझ्याकडे वळले. माझं काही झालं तर? लेक सगळ्याची वारस, जर्मनीतही आणि भारतातही, तिथपर्यंत सरळ आहे. पण आम्ही दोघी एकाच अपघातात गेलो तर? हिंदू स्त्री नवरा-मुलांशिवाय आणि मृत्युपत्राशिवाय गेली की तिच्या मालमत्तेवर आधी नवऱ्याच्या वारसांचा हक्क, आणि मग तिच्या स्वतःच्या आईवडिलांचा. मी स्वतःच्या पगारातून घेतलेल्या गोष्टींनाही हेच लागू. माझी आई डोंबिवलीत आहे आणि माझ्याच मालमत्तेच्या रांगेत ती सासरच्यांच्या मागे उभी आहे. ज्या कायद्याने सासूबाईंना मान दिला म्हणून मी कौतुक करत होते, त्याच कायद्याने माझ्या आईला मागे ढकललेलं होतं. माहेरून आलेली मालमत्ता माहेरी परत जाते, एवढा अपवाद आहे. पण कमावलेलं नाही.

म्हणून मृत्युपत्र. इथे नोटारसमोर केलं, त्याची नोंद मध्यवर्ती मृत्युपत्र नोंदवहीत होते. मी गेल्यावर न्यायालयाला ते आपोआप कळेल, कपाटात शोधावं लागणार नाही. लेक अठराची होईपर्यंत पालक म्हणून माझ्या बहिणीचं नाव त्यात लिहिलं. नोटारबाईंनी विचारलं, भारतीय कायदा निवडायचा का? नागरिकत्व अजून भारतीय असल्यामुळे तो हक्क मला होता. मी नाही म्हटलं. लेक इथे वाढते आहे, आणि इथल्या न्यायालयाला परका कायदा लावायला लागला की आधी तज्ज्ञांचं मत मागवतात, त्याचा वेळ आणि पैसा तिच्या माथी. भारतातल्या मालमत्तेपुरतं वेगळं मृत्युपत्र पुण्यात केलं, दोन साक्षीदारांसमोर. त्यात माझ्या आईचं नाव घातलं.

पुण्याच्या वकिलांनी मसुदा पाठवला तेव्हा पहिलंच वाक्य नेहमीचं होतं: "यापूर्वी केलेली माझी सर्व मृत्युपत्रे मी याद्वारे रद्द करीत आहे." तसंच सही केलं असतं तर म्हणे जर्मनीतलं मृत्युपत्र त्याच दिवशी मेलं असतं. नोटारबाईंनी आधीच बजावलं होतं म्हणून नजर तिथे गेली. वकिलांनी ते वाक्य काढलं आणि त्याजागी लिहिलं की हे मृत्युपत्र फक्त भारतातल्या मालमत्तेपुरतं आहे, बाहेरच्या मृत्युपत्राला ते हात लावत नाही. मग मी तो मसुदा नोटारबाईंना दाखवला, आणि त्यांनीही आपल्या कागदात तसंच एक वाक्य उलट्या बाजूने घातलं.